आंब्याला जामीन

आमच्या मुरुडच्या घराच्या ओटीवर, ऐन वैशाखात, माझी सात वर्षांची लेक लोकरीचा लाल कोट घालून बसायची. बटणं अगदी गळ्यापर्यंत लावलेली. कपाळावरून घामाच्या धारा, मानेवर घामोळं उठलेलं, पण कोट काढ म्हटलं की दोन्ही हातांनी पुढचा भाग घट्ट धरून ठेवायची. रस्त्याने जाणारी माणसं थांबून बघायची. मासळीवाली टोपली उतरवून मला हळूच विचारायची, पोरीला हिवताप आलाय काय. मी काय सांगणार, कपाळ? हिवताप असता तर कोयनेल तरी दिलं असतं.

स्वातंत्र्य मिळून दहाएक वर्षं झाली होती तेव्हाची ही गोष्ट. हे, म्हणजे माझे यजमान, शिकायला म्हणून विलायतेला गेले आणि तिथेच नोकरीला लागले. मागून मी गेले, कडेवर वर्षाचं पोर घेऊन. उत्तरेकडच्या डोंगराळ भागातलं लहानसं गाव होतं ते. लेक तिथेच पहिलं पाऊल टाकायला शिकली, तिथेच शाळेत जायला लागली. मग इकडे सासूबाई गेल्या. मामंजी, म्हणजे माझे सासरे, एवढ्या मोठ्या वाडीत एकटे पडले. तेव्हा यांनी तिकडची नोकरी सोडली, अलिबागला नवी धरली, आणि आम्ही आधी मोठ्या बोटीने, मग किनाऱ्यावरच्या आगबोटीने आणि शेवटी एस्टीने धक्के खात मुरुडला येऊन पोचलो. हे शनिवारी यायचे आणि सोमवारी पहाटे परत जायचे. घरात मी, मामंजी आणि ती कोटवाली.

मला वाटलं होतं, पोर आहे, आठ दिवसांत रुळेल. माड-पोफळीची वाडी आहे, पुढे समुद्र आहे, आजोबा आहेत, आणखी काय हवं? कसलं काय. भात खाईना, आमटीला हात लावीना. उकडलेला बटाटा आणि पाव, एवढ्यावर दिवस काढायची. रात्री झोपेत इंग्रजीत बडबडायची आणि सकाळी उशी ओली असायची. एकदा मी चिडून तो कोट कपाटाच्या माथ्यावर टाकला. तर बाईसाहेबांनी बटाटासुद्धा बंद केला. दुसऱ्या दिवशी दुपारी मी मुकाट्याने कोट खाली काढून दिला. हट्टात ती माझ्यावर गेली आहे, हे मला मान्य करावंच लागतं.

कोटाचं खरं कारण तिने एकदा यांना सांगितलं. कोट काढला तर आपण इथे राहायला आलो असं होईल. घातलेला असला की आपण नुसते पाहुणे.

पोर दिवसेंदिवस वाळत चालली होती. गळ्याची हाडं दिसायला लागली. आमच्या वैद्यांनी नाडी बघून सांगितलं, रोग काही नाही, मन लागत नाही. मन लागण्याचं चाटण त्यांच्याकडे नव्हतं. यांच्या तिकडच्या साहेबांनी भला माणूस म्हणून जागा वर्षअखेरपर्यंत राखून ठेवली होती. तेव्हा एका रविवारी चहा झाल्यावर हे मामंजींसमोर बसले आणि म्हणाले की दिवाळीपर्यंत बघतो. पोर खायला-प्यायला लागली तर उत्तमच, नाहीतर आम्हाला परत जावं लागेल. पोरीच्या जिवाशी खेळ नको.

मामंजींनी ऐकून घेतलं. बायको गेलेली, एकुलता एक मुलगा, आणि तोही पुन्हा जाणार. दुसऱ्या कुणी आदळआपट केली असती, नाहीतर आपल्या म्हातारपणाचं रडगाणं लावलं असतं. ते "बरं" म्हणाले, पंचा खांद्यावर टाकला आणि पोफळींना पाणी लावायला निघून गेले. मला मात्र त्या दिवशी जेवण गेलं नाही. माझं स्वतःचं मन दोन्हीकडे ओढत होतं, कुणाला बोलून दाखवता येईना.

मामंजी मुळात अबोल. माणसांपेक्षा माडांशी जास्त बोलणारे. मी सून असून माझ्याशी त्यांचं बोलणं म्हणजे "पाणी तापलं का" आणि "मीठ कमी आहे", एवढंच. त्याच दिवशी संध्याकाळी ते वाडीतून आले, पाय धुतले आणि झोपाळ्यावर बसायच्या ऐवजी ओटीच्या पायरीवर, लेकीच्या शेजारी जाऊन बसले. मी माजघरातून बघत होते. म्हटलं, आता कोट काढायला सांगतात आणि आता रडारड सुरू होते.

त्यांनी कोटाची बाही चिमटीत धरून बघितली. कापड बघावं तशी. मग विचारलं, "हा किती थंडीला चालतो गो बाय?"

लेकीने पहिल्यांदा त्यांच्याकडे नीट बघितलं. या घरात आल्यापासून जो तो तिला कोट काढायला सांगत होता. कोटाविषयी कुणी काही विचारलं नव्हतं.

मामंजींनी पुढे सांगितलं की त्यांच्याही मनात एकदा विलायत बघून यायचं आहे. पण ते वाडीतले, बावळट माणूस. थंडी म्हणजे काय ते त्यांना ठाऊक नाही. आमच्या किनाऱ्यावर थंडी म्हणजे पौषात एखाद्या पहाटे बाटलीतलं खोबरेल गोठतं, तेवढीच. तेव्हा प्रवाशाने तिकडे जाताना काय घालायचं, काय न्यायचं, कोणत्या महिन्यात जायचं, हे तिने त्यांना समजावून सांगावं. "तुझ्याकडे यायचं तर तुलाच विचारायला हवं," म्हणाले.

तिचं मराठी तेव्हा मोडकंतोडकं. मामंजींचं इंग्रजी त्याहून मोडकं. तरी तिने सुरुवात केली. हा कोट फक्त शरदातल्या थंडीला चालतो, खऱ्या थंडीला आत लोकरीचा सदरा, त्यावर स्वेटर, मग हा कोट, मग मफलर, हातमोजे, टोपी. मामंजी बोटांवर मोजत गेले आणि शेवटी म्हणाले की एवढं सगळं चढवेपर्यंत दुपार होईल, मग बाहेर कधी पडायचं? ती हसली. मुरुडला आल्यावर पहिल्यांदा हसली.

तेव्हापासून रोज संध्याकाळी दिवेलागणीच्या आधी तो कार्यक्रम ठरला. मामंजी विचारायचे, "काय बाय, आज तुझ्याकडे काय हवा?" आणि ती सांगायची. आता तिकडे रात्री जेवण झाल्यावरसुद्धा ऊन असेल. मुलांना उजेडातच झोपायला लावतात. थंडीत उलटं, शाळा सुटेपर्यंत अंधार पडतो. पाऊस असतो, पण आपल्यासारखा नाही, चाळणीतून पडल्यासारखा बारीक आणि लांबट, दिवसभर चालणारा. तेव्हा आजोबांनी सकाळी ऊन पडलं म्हणून फसायचं नाही, छत्री घेऊनच निघायचं. थंडीत बोललं की तोंडातून धूर येतो. यावर मामंजींनी तिथल्या तिथे हुऽऽ करून बघितलं. काही आलं नाही. म्हणाले, विडीशिवाय धूर येतो म्हणजे देश चांगला आहे.

आमचा वाडीतला गडी, जातीने कुणबी, मामंजींबरोबर तीस वर्षं काढलेला, तोही खाली अंगणात उकिडवा बसून ऐकायला लागला. त्याला सगळ्यात नवल दगडी गडग्यांचं. डोंगरभर नुसत्या दगडावर दगड ठेवून रचलेल्या भिंती, मातीचा लपका नाही, आणि आत मेंढ्या. तो रोज विचारायचा, "आन् पडत न्हाय?" आणि लेक रोज सांगायची, न्हाय. पलीकडच्या आळीतले एक चाचा कधीकधी येऊन बसायचे. त्यांनी तरुणपणी जहाजावर इंजिनखोलीत काम केलं होतं, विलायतेच्या बंदराला कितीदा तरी लागून आले होते. मामंजींनी त्यांना मोठ्या आदराने विचारलं की तुम्ही तर बघितलेली, कशी आहे विलायत? चाचा विचार करून म्हणाले, "काळी हाय. सगळा कोळसा." लेक इतकी रागावली की त्या दिवशी तिने चाचांना हिरव्या टेकड्यांचा पाठ दोनदा ऐकवला. चाचांनी मान्य केलं की आपण वर फार कमी आलो.

मी आतून भाजी चिरता चिरता ऐकायची आणि माझाच जीव गलबलून यायचा. मीही तिथे सहा हिवाळे काढले होते. शाळेत आम्ही भूगोलात 'समशीतोष्ण हवामान' असं घोकलं होतं, ना फार थंड ना फार उष्ण. त्या पुस्तकवाल्याला एकदा फेब्रुवारीत तिकडे धुणं वाळत घालायला पाठवायला हवा होता. माझं लुगडं दोरीवर फळीसारखं ताठ उभं राहिलं होतं, घडी घालायला गेले तर कडकन आवाज. पण खोटं कशाला बोलू, सुंदर होतं ते सगळं. कोवळ्या उन्हात टेकडीवर बसलं की अंगाला घाम न येता ऊन खाता यायचं, ही चैन आपल्याकडे नाही.

आणि एक फजितीही होती, माझ्याच तोंडून ऐकलेली, ती लेकीने सगळ्यांसमोर सांगून टाकली. मी तिकडे पोचले ती ऐन थंडीत. आमच्या घरमालकिणीच्या मागच्या अंगणात सफरचंदाचं झाड, त्याच्यावर एक पान नाही. रस्त्यावरच्या झाडांवर पान नाही, टेकडीवरच्या झाडांवर पान नाही. मी वाडीतली बाई. आमच्याकडे माड मेला की तो घराजवळ उभा ठेवत नाहीत, वादळात कौलांवर पडतो. मला वाटलं, काय रोग पडला असेल बिचाऱ्यांच्या झाडांवर. मी मालकिणीकडे जाऊन दुःख व्यक्त केलं आणि सल्ला दिला की हे मेलेलं झाड आत्ताच पाडून घ्या, घरावर येईल. त्या म्हातारीने मला बसवून चहा पाजला. वसंतात एक दिवस माझा हात धरून तिने मला त्या झाडाखाली नेऊन उभं केलं. वर बघते तर सगळं झाड गुलाबी-पांढऱ्या फुलांनी गच्च. मामंजी ही गोष्ट ऐकून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. सासऱ्यांना असं हसताना मी पहिल्यांदा बघितलं. माझ्यावर हसले, पण हसू देत म्हटलं.

पावसाळा असा गेला. लेक बोलायला लागली, मराठी सुधारलं, आजोबांमागे वाडीत फिरायला लागली. पण जेवण तेवढ्याला तेवढं, आणि कोट अंगावर. गणपती आले नि गेले, मोदकाचा एक कोपरा कुरतडून ठेवला. मामंजींच्या प्रवासाचा महिनाही काही ठरेना. ती म्हणायची मे महिन्यात या, तेव्हा फुलं असतात. तर ते म्हणायचे मे महिन्यात आंबे सोडून कसा येऊ? बरं मग ऑक्टोबरात या, तेव्हा पानं लाल-पिवळी होतात. तर तेव्हा सुपारी काढणीला येते. शेवटी ती वैतागून म्हणाली की तुम्हाला यायचंच नाहीये. मामंजी गंभीरपणे म्हणाले, यायचं तर आहे, पण वाडी सोडवत नाही, आता तूच सांग काय करू.

दसरा झाला आणि हे शनिवारी आले ते ठरवूनच. पोरीचा दंड अंगठा आणि बोटाच्या कवेत मावतो हे बघून त्यांचा धीर सुटला होता. रविवारी त्यांनी मामंजींना सांगितलं की मी साहेबांना येतो म्हणून कळवतो आहे, पुढच्या आठवड्यात पत्र टाकीन. मामंजींनी विचारलं, तिला सांगितलंस का? सांगितलं होतं. कोटाची बटणं नीट लावून ती पायरीवर बसली होती, पण ज्या आनंदाने उड्या मारील असं वाटलं होतं, तशा काही मारल्या नाहीत. मामंजी पुन्हा "बरं" म्हणाले. त्या रात्री ते उशिरापर्यंत झोपाळ्यावर बसून होते, कड्यांचा आवाज मला ऐकू येत होता.

आमच्या परसात एक हापूसचं कलम आहे. सासूबाईंनी लग्नानंतर स्वतःच्या हाताने लावलेलं. हिरवंगार, ताडमाड वाढलेलं, पण त्या गेल्या त्याच्या आधीपासूनच मोहोर धरायचं बंद झालेलं. आमच्याकडे अशा झाडाला धाक घालायची चाल आहे. पाऊस संपून जमीन वाळली की एखाद्या सकाळी गडी कुऱ्हाड घेऊन झाडापुढे उभा राहतो आणि मोठ्याने म्हणतो की हे तोडतो, हे धरत नाही. तेवढ्यात घरातल्या बाईने पुढे येऊन म्हणायचं, नको तोडू, पुढच्या साली धरील, मी जामीन. मग गडी कुऱ्हाडीचा नुसता एक हलका घाव सालीवर मारतो, बाई झाडाला हळदकुंकू लावते, झालं. झाडाला लाज वाटते आणि ते फळ धरतं, अशी समजूत. खरं-खोटं झाडाला ठाऊक.

मंगळवारी सकाळी मामंजींनी मला सांगून ठेवलं होतं की आज कलमाला धाक घालायचा आहे, जामीन तुम्ही राहा. सासूबाईंचं काम आता माझ्याकडे आलं होतं. मी हळदकुंकवाचं तबक तयार केलं आणि नेमकं दूध उतू जायला लागलं. चुलीतली लाकडं ओढून, दूध उतरवून मी परसात येते तोवर गड्याने सुरुवात केली होती. कुऱ्हाड खांद्यावर, आवाज चांगला चढवलेला. आमचा गडी एरवी गरीब गाय, पण त्या दिवशी असा काही बोलला की मीसुद्धा दचकले. "फळ धरत न्हाय, मोहर धरत न्हाय, कशाला ठेवायचा याला? तोडतो!"

लेक विहिरीजवळ उभी होती. तिला ही चाल कुणी सांगितलीच नव्हती. तिने कुऱ्हाड बघितली आणि धावली. कोट घातलेला, त्यात पायात पाय अडकून पडली, उठली, आणि झाडाला मिठी मारून गड्याकडे तोंड करून उभी राहिली. पांढरीफटक पडली होती. तिच्या तोंडून मराठी येत होतं, आणि अडखळत नव्हतं.

"नको तोडू. ते मेलं नाहीये. आईला पण तिकडे असंच वाटलं होतं, आणि मग सगळं फुललं. तुम्ही थांबतच नाही. थोडं थांबा ना. ते धरेल."

गडी माझ्याकडे बघतो, मी मामंजींकडे बघते. त्यांच्या चेहऱ्यावरची रेष हलली नाही. ते पुढे झाले आणि तिला, एखाद्या मोठ्या माणसाला विचारावं तसं विचारलं, "तू जामीन राहतेस?"

जामीन म्हणजे काय ते त्यांनी तिला तिथेच समजावलं. झाडाच्या वतीने शब्द द्यायचा. आणि शब्द दिलेल्याने झाडाला पाणी घालायचं, त्याची विचारपूस करायची आणि फळ येईपर्यंत जागा सोडायची नाही. ती म्हणाली, राहते. गड्याने सालीवर हलका घाव मारला, मी तबक तिच्या हातात दिलं, आणि तिने आपल्या हाताने कलमाला हळदकुंकू लावलं. आता सांगते, जामिनाने जागा सोडायची नसते हा नियम मी त्याआधी कधीही, कुठेही ऐकला नव्हता. आणि मला त्यांनी दूध तापायच्या वेळेलाच का बोलावलं, हा संशयही मला आजतागायत आहे. विचारायची माझी छाती झाली नाही.

त्याच दुपारी कोट निघाला. कळशी उचलताना बाह्या भिजत होत्या म्हणून तिने तो काढून खुंटीला टांगला आणि पाणी घालायला गेली. मी लगेच पान मांडलं. भात वाढला. कामाने भूक लागली होती, आमटी-भात खाल्ला, वर भात मागितला. मी आत जाऊन पदर तोंडाला लावला आणि मनसोक्त रडून घेतलं.

शनिवारी हे आले, खिशात साहेबांना लिहिलेलं पत्र होतंच. लेक फाटकापर्यंत सामोरी गेली आणि म्हणाली, बाबा, मला आत्ता जाता येणार नाही, मी आंब्याची जामीन आहे. यांना काही कळेना. मी सगळं सांगितल्यावर आधी हसले, मग जेवताना तिच्या ताटाकडेच बघत राहिले. तिने त्या रात्री त्यांच्यासमोर तांदळाची भाकरी खाल्ली. सोमवारी अलिबागला जाताना त्यांनी ते पत्र चुलीत घातलं आणि तिकडे जाऊन दुसरं लिहिलं, उपकाराचं आणि नकाराचं.

पुढे तिने आजोबांना एकच त्रास दिला. थंडी कधी येणार? रोज सकाळी उठून खोबरेलाची बाटली हलवून बघायची, पातळच. पौषात एका पहाटे ती ओरडत ओटीवर आली. बाटली हातात, आतलं तेल पांढरंशुभ्र, दगडासारखं घट्ट. तिने ती आजोबांच्या डोळ्यांपुढे धरली आणि म्हणाली की बर्फ असंच दिसतं, बघून घ्या, आता तुम्हाला कळलं. मामंजींनी बाटली दोन्ही हातांत घेतली, उजेडाकडे धरून खूप वेळ बघितली. म्हणाले, बरं झालं दाखवलंस, मी उगाच काहीतरी वेगळंच मनात धरून बसलो होतो. त्या दिवशी थंडी साजरी करायची म्हणून तिने कोट घातला, तर बाह्या मनगटाच्या वर. तो तिने आपण होऊन गड्याच्या धाकट्या नातीला देऊन टाकला.

माघात कलमाला मोहोर आला. झाडभर नाही, समुद्राकडच्या एका फांदीला. लोक म्हणतील झाडाला लाज वाटली, हे म्हणाले रोज पाणी मिळालं म्हणून. मला दोन्ही पटतं. वैशाखात मूठभर आंबे उतरले. पहिला देवापुढे ठेवला, दुसरा जामिनाला.

त्याच दिवशी संध्याकाळी ओटीवर हे आणि मामंजी बसले होते. यांनी सहज विचारलं, "बाबा, तुम्हाला खरंच विलायतेला जायचं होतं का? सांगा, अजून जमवता येईल."

मामंजी म्हणाले, "छे रे. मला कशाला हवी विलायत? पण ती रोज जात होती. एकटी. एवढंसं पोर, सोबतीला कुणी नको का? जाताना सोबत असली की माणूस परत येतं."

मी दाराआड उभी होते. आम्ही सगळे तिला ओढून इथे आणायला बघत होतो. बोलून, रागावून, कोट लपवून. तो देश विसर म्हणून न सांगणारा त्या घरात एकच माणूस होता, आणि तिला तिकडे धाडलं तर ज्याचं सगळ्यात जास्त जाणार होतं तो तोच होता.

मामंजी पुढे सातआठ वर्षं होते. मी त्यांना कधी काही म्हणाले नाही. तेव्हा सुना सासऱ्यांपुढे असं काही बोलत नसत, आणि बोलले असते तर ते "बरं" म्हणून उठून गेले असते. त्यांच्या आवडीची वालाची उसळ तेवढी मी मनापासून करत राहिले. ते माणूस माझ्या लेकीला आजोबा म्हणून मिळालं, मला सासरा म्हणून मिळालं, याबद्दल देवाला मी रोज हात जोडते आणि त्यातला एक नमस्कार त्यांना जातो.

त्या वैशाखातली संध्याकाळ मात्र अजून डोळ्यांपुढे आहे. यांचं आणि मामंजींचं बोलणं थांबलं, तेवढ्यात लेक परसातून आली. परकर-पोलकं, हनुवटीपासून कोपरापर्यंत रस, हातात कोय. ती आजोबांच्या शेजारी पायरीवर टेकली. दिवेलागणीची वेळ झाली होती, म्हणून मामंजींनी रोजच्यासारखं विचारलं, "काय बाय, आज तुझ्याकडे काय हवा?"

ती कोय चोखत होती. म्हणाली, "आज नको आजोबा. आज इथेच बसू."

मामंजी बरं म्हणाले आणि तिच्यासाठी पायरीवर थोडे सरकून बसले.